बारा जणांच्या खुर्च्या कोण उचलतंय?

इंग्लंड-वेल्समध्ये राहणाऱ्या आणि मतदार यादीत नाव असलेल्या प्रत्येक मराठी माणसासाठी हे पत्रक आहे. खिशात पासपोर्ट भारताचा असला तरीही. इथे कायद्याने राहणारा भारतीय नागरिक राष्ट्रकुलाचा नागरिक म्हणून मत देतो, हे आपल्याला ठाऊक असतं. त्याच यादीतून ज्यूरीची, म्हणजे खटल्यात आरोपी दोषी की निर्दोष हे ठरवणाऱ्या बारा जणांची नावं निघतात, हे मात्र पुष्कळांना बोलावण्याचं पत्र दारात पडेपर्यंत माहीत नसतं. वय १८ ते ७५, तेराव्या वर्षानंतर या देशात किमान पाच वर्षांचं वास्तव्य आणि यादीत नाव, एवढं पुरतं. इंग्रजी राज्यात आपल्या पणजोबांना जे मिळालं नाही ते आपल्याला टपालाने घरपोच मिळतं. आणि नेमकं तेच आता काढून घ्यायचं चाललंय.

२ डिसेंबर २०२५ रोजी न्यायमंत्री डेव्हिड लॅमी यांनी पार्लमेंटमध्ये योजना जाहीर केली. ज्या गुन्ह्यांत तीन वर्षं किंवा त्याहून कमी शिक्षा होण्याची शक्यता आहे, असे बरेचसे खटले यापुढे क्राउन कोर्टात एकटा न्यायाधीश चालवेल. आरोपी दोषी की निर्दोष हेही तोच ठरवेल आणि शिक्षाही तोच देईल. चोरी, किरकोळ फसवणूक, मारहाण अशा मधल्या प्रकारच्या गुन्ह्यांत ‘मला ज्यूरी हवी’ असं म्हणायचा आरोपीचा जुना हक्क जाणार. गुंतागुंतीच्या मोठ्या आर्थिक घोटाळ्यांतूनही ज्यूरी बाजूला होणार. मॅजिस्ट्रेट कोर्टांचा शिक्षेचा अधिकार १२ महिन्यांवरून १८ महिन्यांवर नेणार. खून, बलात्कार यांसारखे खटले ज्यूरीकडेच राहतील, असं आश्वासन आहे.

ही कल्पना निवृत्त न्यायमूर्ती सर ब्रायन लेव्हसन यांच्या जुलै २०२५ च्या अहवालातून आली, असं सरकार सांगतं. अर्धंच खरं आहे. लेव्हसन यांनी न्यायाधीशासोबत दोन मॅजिस्ट्रेट बसवा असं सुचवलं होतं. मॅजिस्ट्रेट म्हणजे पगाराविना काम करणारी साधी माणसं. मंत्र्यांनी ती दोन माणसंही वगळली. बाराचे तीन करा म्हणणाऱ्या अहवालाचा हवाला देऊन बाराचा एक केला.

कारण काय, तर खटल्यांचा डोंगर. डोंगर खरा आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. क्राउन कोर्टात २०२५ च्या उत्तरार्धात ७८ हजारांहून जास्त खटले पडून होते, २०१९ मध्ये होते त्याच्या जवळजवळ दुप्पट. काहींना २०२९ ची तारीख मिळाली आहे. अत्याचार झालेली बाई चार वर्षं साक्षीची वाट बघते आणि थकून फिर्याद सोडून देते. हे ज्याला टोचत नाही त्याने न्यायावर बोलूच नये.

पण हा डोंगर ज्यूरीने रचलेला नाही. २०१० नंतरच्या दशकात इंग्लंड-वेल्समधली निम्म्याच्या आसपास मॅजिस्ट्रेट कोर्टं सरकारने बंद केली, इमारती विकल्या. करोनाच्या आधीच, २०१९ मध्ये, क्राउन कोर्टाच्या बैठकीच्या दिवसांना कात्री लावली. न्यायाधीश हजर, खोली रिकामी, पण त्या खोलीत बसायचे ‘दिवस’ मंजूर नाहीत म्हणून कुलूप. सरकारी खर्चाने आरोपीची बाजू मांडणाऱ्या बॅरिस्टरांची फी इतकी घसरली की २०२२ मध्ये त्यांना संपावर जावं लागलं. तुरुंगातून आरोपीला आणणारी गाडी उशिरा येते आणि सगळं कोर्ट तिची वाट बघत बसतं. छपरातून पाणी गळतं. यातल्या एकाही गोष्टीत त्या बारा जणांचा हात नाही. ते बिचारे सकाळी वेळेवर येऊन बाहेरच्या खोलीत बसलेले असतात. विहिरीतला गाळ काढायचा सोडून रहाट मोडायचा हा उद्योग आहे.

ज्यूरी काढली की काम भराभर होतं, असं ज्यांना वाटतं त्यांनी आपल्याच मायदेशाकडे बघावं. भारतात फौजदारी खटल्यांतली ज्यूरी जाऊन अर्धं शतक उलटलं. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तिला जागाच ठेवली नाही. आज तिथे सगळ्या कोर्टांत मिळून पाच कोटींच्या आसपास खटले पडून आहेत. आजोबांनी लावलेल्या दाव्यात नातू तारखा घेतो. ज्यूरी नसलेला देश वेगाने न्याय देतो, याचा पुरावा लॅमी साहेबांना मुंबईच्या सेशन्स कोर्टात किंवा ठाण्यात मिळणार नाही.

इथे कोणीतरी नानावटीचं नाव काढेलच. नौदल कमांडर कावस नानावटीने १९५९ मध्ये बायकोच्या प्रियकराला गोळ्या घातल्या आणि मुंबईच्या ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी त्याला निर्दोष ठरवलं. न्यायाधीशांनी तो कौल मान्य न करता प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं, तिथे जन्मठेप झाली, नोव्हेंबर १९६१ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती कायम केली. ‘बघा, वर्तमानपत्रांनी पेटवलेली भाबडी माणसं!’ असं तेव्हापासून म्हटलं जातं. गोष्ट तिथे संपवली तर ते पटतंही. पण १९६४ मध्ये त्याच नानावटीला राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी माफी दिली. आठ सामान्य माणसं भावनेला बळी पडली म्हणून त्यांच्या नावाने बोटं मोडायची आणि राजभवनाने तेच केलं की त्याला दया म्हणायचं, असा हा न्याय. शिवाय ज्यूरी या खटल्यामुळे गेली हेही खरं नाही. विधी आयोगाने ती बंद करायची शिफारस १९५८ मध्येच, म्हणजे गोळ्या सुटायच्या आधीच केली होती.

आपल्याला ज्यूरीचा खरा धडा नानावटीने दिलेला नाही, तो टिळकांनी दिला. १८९७ च्या राजद्रोहाच्या खटल्यात नऊ जणांची ज्यूरी होती: सहा युरोपियन, तीन हिंदी. कौल सहा विरुद्ध तीन. १९०८ मध्ये पुन्हा नऊ जण, त्यांत सात युरोपियन आणि दोन पारशी. कौल सात विरुद्ध दोन. आकडे बघितले की आणखी काही सांगायची गरज उरत नाही. लेख मराठी, लिहिणारा मराठी, वाचणारे मराठी, आणि राजद्रोह झाला की नाही हे ठरवणाऱ्या बहुतेकांना मराठीचं अक्षर येत नव्हतं. सहा वर्षं मंडाले. ज्यूरीचा कौल काहीही असो, मी निर्दोष आहे, असं टिळकांनी त्या कोर्टात ठणकावलं. ते शब्द आज मुंबई हायकोर्टात शिळेवर कोरलेले आहेत.

मग ज्यूरी वाईट, असं यावरून म्हणायचं का? उलट आहे. सरकारने निवडून, गाळून, आपल्या रंगाची बसवलेली ज्यूरी म्हणजे सरकारच. इंग्लंडातही कित्येक शतकं ज्यूरीत घरदार असलेले पुरुषच बसत; मालमत्तेची ती अट १९७० च्या दशकात गेली. आज यादीतून चिठ्ठी निघावी तशी नावं निघतात. साउथहॉलचा टॅक्सीवाला, लेस्टरची नर्स, स्लाउचा इंजिनिअर शेजारी शेजारी बसतात. टिळकांना जी ज्यूरी मिळायला हवी होती ती आज इथे मिळते, आणि ती मिळायला लागून पन्नास वर्षं होतात न होतात तोच ती महाग पडते, वेळ खाते, अशी ओरड सुरू झाली.

ही ज्यूरी माणसाच्या रंगाकडे बघून कौल देत नाही, हे आम्ही म्हणत नाही. लॅमी म्हणतात. फौजदारी न्यायव्यवस्थेत काळ्या आणि आशियाई लोकांना कशी वागणूक मिळते याची चौकशी सरकारने त्यांच्याकडेच सोपवली होती. २०१७ च्या त्या अहवालात पोलिसांपासून तुरुंगापर्यंत ठिकठिकाणी त्यांना तफावत आढळली. ज्यूरीच्या खोलीत आढळली नाही. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या प्राध्यापक शेरिल थॉमस यांच्या संशोधनातूनही हेच निघालं होतं. पुढे २०२० मध्ये, करोनाच्या काळात, ज्यूरीविना खटले चालवायची कल्पना निघाली तेव्हा विरोधी बाकावरून लॅमींनीच तिला वाईट कल्पना म्हटलं होतं. सगळ्या इमारतीत जी एक खोली निर्दोष असल्याचा दाखला त्यांनी स्वतः दिला, तिलाच आता ते कुलूप लावताहेत. आणि किल्ली देताहेत ती न्यायाधीशांकडे, ज्यांच्यात गोरे नसलेले दहात एकाच्या आसपास आहेत. न्यायाधीश वाईट असतात असं आमचं म्हणणं नाही. पण एक माणूस म्हणजे एकच आयुष्य, एकच शाळा, एकच मोहल्ला.

‘तीन वर्षांच्या आतले किरकोळ खटले’ हे शब्द तर आपण नीट तपासून घेतले पाहिजेत. किरकोळ कोणाला? २००७ च्या यूके बॉर्डर्स ॲक्टप्रमाणे १२ महिने किंवा त्याहून जास्त तुरुंगवासाची शिक्षा झालेल्या परदेशी नागरिकाला, काही अपवाद वगळता, देशाबाहेर काढण्याचा आदेश गृहखात्याने काढायचाच असतो. म्हणजे ज्या शिक्षेला सरकार छोटी म्हणतं तिच्यात आपल्यातल्या कोणाचं घर, मुलांची शाळा, पंधरा वर्षांची नोकरी एका आदेशाने संपू शकते. पासपोर्ट इथला असला तरी डॉक्टर, नर्स, अकाउंटंट यांच्यावर अप्रामाणिकपणाचा एक छोटासा ठपका आला की परवाना धोक्यात. तुरुंगात एक दिवसही न जाता माणूस उद्ध्वस्त होतो. अशा माणसाला बारा जणांसमोर उभं राहायचं असेल, तर ती चैन नाही.

नॉटिंग हिलचे ‘मॅन्ग्रोव्ह नाइन’ आठवा. पोलिसांनी एका कॅरिबियन खाणावळीवर वारंवार धाडी घातल्या, त्याविरुद्ध १९७० मध्ये मोर्चा निघाला आणि नऊ जणांवर दंगलीचा आरोप आला. ओल्ड बेलीत ५५ दिवस खटला चालला. दंगलीच्या आरोपातून ज्यूरीने नऊही जणांना सोडलं. दोन्ही बाजूंना वंशद्वेष होता, म्हणजे पोलिसांकडेही, हे न्यायाधीशाला भर कोर्टात म्हणावं लागलं. तसा मोर्चा आज निघाला आणि पोलिसांनी सार्वजनिक ठिकाणी मारामारीचं साधं कलम लावलं, तर त्याची कमाल शिक्षाच तीन वर्षं आहे. नव्या योजनेत सगळा खटला एका न्यायाधीशापुढे. आणि १९८२ मध्ये ब्रॅडफर्डच्या बारा आशियाई पोरांना लीड्सच्या ज्यूरीने सोडलं ते विसरू नका. वंशद्वेष्ट्यांचा हल्ला येणार म्हणून त्यांनी पेट्रोल बॉम्ब बनवले होते, आणि ते त्यांनी नाकारलंही नव्हतं. आपल्या वस्तीचा बचाव करायचा होता, एवढंच म्हणणं. बारा जणांना ते पटलं.

ज्यूरी चुकते का? चुकते. अँड्र्यू माल्किन्सन यांना २००४ मध्ये ज्यूरीने दहा विरुद्ध दोन अशा बहुमताने दोषी ठरवलं, ते १७ वर्षं तुरुंगात होते, आणि २०२३ मध्ये अपील कोर्टाने तो कौल रद्द केला. पोस्ट ऑफिसच्या होरायझन या संगणकप्रणालीच्या घोटाळ्यात, पोस्टाची शाखा चालवणाऱ्या सीमा मिश्रांना २०१० मध्ये ज्यूरीनेच दोषी ठरवलं; त्या तेव्हा गरोदर होत्या. पण त्या ज्यूरीपुढे काय ठेवलं होतं? संगणकातल्या चुका ज्यांना माहीत होत्या त्यांनी त्या दडवल्या. संगणक बरोबरच चालतो असं धरून चाला, हा नियम ज्यूरीने केलेला नव्हता. १९९९ च्या कायद्याने आधीची खबरदारी काढून टाकली होती. तोच लपवलेला कागद एकट्या न्यायाधीशालाही दिसला नसता. ज्यूरी कारणं लिहून देत नाही, हा आक्षेप मात्र वजनदार आहे. तरीही आम्हाला कारणांनी भरलेल्या चाळीस पानांपेक्षा, कारण न देता ‘नाही’ म्हणू शकणारे बारा जण जास्त सुरक्षित वाटतात.

त्या ‘नाही’ची किंमत कोणीतरी आधीच भरली आहे. १६७० मध्ये, म्हणजे सिंहगड घेतला त्याच वर्षी, लंडनच्या रस्त्यावर प्रवचन केलं म्हणून विल्यम पेन आणि विल्यम मीड यांच्यावर खटला झाला. ज्यूरी दोषी म्हणेना. न्यायाधीशाने तिला अन्न, पाणी, शेकोटीविना कोंडून ठेवलं. तरी म्हणेना, तेव्हा दंड केला. ज्यूरीतल्या एडवर्ड बुशेलने दंड भरायला नकार दिला आणि तुरुंग पत्करला. शेवटी मुख्य न्यायाधीश व्हॉन यांनी निकाल दिला: कौलासाठी ज्यूरीला शिक्षा करता येणार नाही. त्याची पाटी ओल्ड बेलीत आहे. साडेतीनशे वर्षांनी एक निवृत्त समाजसेविका त्याच आशयाचा मजकूर फलकावर लिहून लंडनच्या एका क्राउन कोर्टाबाहेर उभी राहिली, तर सरकार तिच्यावर कोर्टाच्या अवमानाचा खटला भरायला निघालं. एप्रिल २०२४ मध्ये हायकोर्टाने परवानगी नाकारली.

असे प्रयत्न याआधीही झालेत. आरोपीचा ज्यूरी निवडण्याचा हक्क काढायचा तेव्हाचे गृहमंत्री जॅक स्ट्रॉ यांचा डाव लॉर्ड्सनी १९९९-२००० मध्ये हाणून पाडला. आर्थिक घोटाळ्यांतून ज्यूरी काढायचं कलम २००३ च्या कायद्यात घुसलं, पण कधी अमलात आलं नाही आणि २०१२ मध्ये रद्द झालं. म्हणजे ओरडलं की थांबतं.

तेव्हा दोन कामं करा. ज्यूरीचं पत्र आलं तर ‘माझं इंग्रजी कच्चं आहे’ म्हणून पळवाट शोधू नका. रोज ऑफिसात त्याच इंग्रजीवर पगार घेता. बहुधा दहा कामाचे दिवस जातात. पगार बुडाला तर दिवसाला ठरावीक रकमेपर्यंत भरपाई मिळते, अडचण असेल तर तारीख एकदा पुढे ढकलून मिळते, आणि न कळवता गैरहजर राहिलात तर हजार पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. दुसरं, आपल्या खासदाराला चार ओळी लिहा. आपल्या भागातल्या क्राउन कोर्टाच्या किती खोल्या आज रिकाम्या आहेत ते विचारा. शिक्षेमुळे देशाबाहेर जावं लागेल अशा आरोपीचा ज्यूरीचा हक्क का काढताय ते विचारा. आणि २०१७ च्या लॅमी अहवालातलं ज्यूरीबद्दलचं नेमकं कोणतं वाक्य खोटं ठरलं, हेही. उत्तर छापील नमुन्याचं आलं तर पुन्हा लिहा.