पदावनती टळली, वाट मात्र अनिश्चितच

पणजी : नऊ वर्षांच्या खंडानंतर आय-लीगमध्ये परतलेल्या गोव्याच्या धेंपो स्पोर्ट्स क्लबने २०२४-२५ च्या हंगामात पदावनती टाळली. त्याच्याबरोबर बढती मिळवलेला स्पोर्टिंग क्लब बंगळुरू मात्र दिल्ली एफसीसह एका हंगामातच खाली घसरला.

पाच वेळा राष्ट्रीय विजेता ठरलेल्या धेंपोला या घसरणीची किंमत ठाऊक आहे. २०१५ मध्ये पदावनती झाल्याने संघ दुसऱ्या श्रेणीत गेला आणि पुढच्याच वर्षी ती स्पर्धा जिंकून बढतीस पात्र ठरला. परंतु इंडियन सुपर लीगला अव्वल स्थान देणाऱ्या प्रस्तावित रचनेला विरोध म्हणून २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा यांनी आय-लीगच सोडली. मैदानावर कमावलेली बढती कागदावर राहिली.

जर्मनीचा हॅम्बर्ग संघ २०१८ मध्ये प्रथमच बुंडेसलीगातून पदावनत झाला. सात हंगाम झगडून तो २०२५ मध्ये परतला. प्रतीक्षा मोठी होती, पण वर जाण्याचा नियम पक्का होता. भारतात तो भरवसा नाही. २०२४-२५ मध्ये सुपर लीगच्या तळाशी राहिलेल्या मोहम्मडन स्पोर्टिंगला पदावनतीची झळ लागली नाही, कारण तेथे तो नियमच लागू झालेला नव्हता. त्याच हंगामात महासंघाने चर्चिल ब्रदर्सला बहाल केलेले आय-लीगचे विजेतेपद जुलै २०२५ मध्ये लोझान येथील क्रीडा लवादाच्या निकालाने इंटर काशीकडे गेले.