जुळवून कोणी घ्यायचं?

गेल्या पावसाळ्यात एक आई आपल्या मुलीला घेऊन आमच्या परळच्या केंद्रावर आली. माहेर कोकणातलं, सासर लालबागच्या चाळीत, लग्नाला दीड वर्ष झालेलं. बसल्या बसल्या आई म्हणाली, "ताई, हिला जरा समजावा. अजून सासरी रुळली नाही."

मुलगी खाली मान घालून बसली होती. आईला चहाला पाठवलं, तेव्हा ती हळूहळू बोलू लागली. शिवणाचे क्लास बंद करायला लावले होते. माहेरी फोन करायचा तर सासूसमोर. नवरा महिन्यातून दोन-तीनदा हात उचलत होता. मी विचारात पडले. यातल्या नेमक्या कशात तिनं रुळायचं होतं?

तेव्हापासून मी हे शब्द कान देऊन ऐकते. नव्या घरात, नव्या रीतिरिवाजांत गेलेल्या बाईसाठी आपल्याकडे शब्द पुष्कळ आहेत. आपण ते एकाच अर्थाचे समजून वापरतो. पण ते एकाच अर्थाचे नाहीत.

'रुळणे' हा त्यातला सौम्य शब्द. केस पाठीवर रुळतात, येण्याजाण्यानं वाट रुळते. त्याला वेळ लागतो, पण त्यात सक्ती नाही. नवीन नोकरीत मीही सहा महिन्यांनी रुळले, कारण चुकलं तर कोणी मारणार नाही एवढी खात्री होती. मार खाणारी बाई रुळत नाही, ती गप्प होते. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसतं.

'अंगवळणी पडणे' म्हणजे शरीरालाच सवय होणे. चाळीतल्या नळाची वेळ अंगवळणी पडते, तसा शिव्यांचा मारही पडतो. सवय चांगल्याची की वाईटाची, हे तो शब्द विचारत नाही.

'जुळणे' खरं तर दोघांचं असतं. सूर जुळतात, मनं जुळतात. पण त्याला 'घेणे' जोडलं की सगळं काम एकावर येतं, आणि तो एक कोण हे ठरलेलं असतं. पुरुषाबद्दल हा शब्द आपण कधी वापरतो? "साहेब तापट आहेत, पण त्यानं जुळवून घेतलं." म्हणजे वरच्याशी खालच्यानं जुळवून घ्यायचं. घरात सून कुठल्या पायरीवर उभी आहे, हे या एका शब्दातून कळतं.

'तडजोड' म्हटली की दोन्ही बाजूंनी काहीतरी सोडायला हवं. आमच्यासमोर येणाऱ्या कितीतरी तडजोडींच्या कागदांवर तिनं काय सोडलं याची यादी असते. त्यानं सोडलेलं एकच असतं, 'यापुढे त्रास देणार नाही.'

आणि आपला रोजचा मुंबईचा शब्द, 'ॲडजस्ट'. लोकलमध्ये तीन बायका बसलेल्या असतात. चौथी येते आणि म्हणते, "जरा ॲडजस्ट करा." बसलेल्या सरकतात, चौथीला टेकायला जागा होते. इथे नवी आलेली मागते आणि आधीच्या सरकतात. सासरी मात्र बसलेलेच उभीला सांगतात, "ॲडजस्ट कर."

कोणी म्हणेल, नव्या ठिकाणी प्रत्येकालाच बदलावं लागतं. मान्य. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं राहतात, तेव्हा सगळ्यांनाच अंग चोरावं लागतं. सासूही कधीतरी अशीच आली होती. पण याच परळ-लालबागला रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडून हजारो पुरुष गिरणीत कामाला आले. भोंग्याची आणि पाळीची सवय त्यांनी केली, एका गाळ्यात दाटीनं राहिले, हाल काढले. पण आपलं गाव त्यांना सोडावं लागलं नाही. गावकऱ्यांच्या खोल्या झाल्या, मंडळं झाली, भजनं झाली. जेवणसुद्धा गावच्या चवीचं मिळालं. ते रांधणाऱ्या खानावळवाल्या बायकाच होत्या, ज्यांना १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळात संघटित केलं. परमुलखात आलेल्या पुरुषाभोवती गाव उभं राहिलं. दोन गल्ल्या ओलांडून आलेल्या सुनेला मात्र माहेरची आमटीसुद्धा विसरायला सांगतात. तांदळात अंगठीनं नवं नाव लिहितात, तिथूनच सुरुवात होते.

या सगळ्यांत जुना आणि जड शब्द 'नांदणे'. सुखानं, मानानं राहणे हा त्याचा अर्थ. पण 'नांदायला ये' म्हणून कोर्टाची नोटीसही येते. हिंदू विवाह कायद्यातलं, १९५५ चं कलम ९ त्यासाठीच आहे. त्याच्याही कितीतरी आधी, १८८४ साली, याच मुंबईत दादाजी भिकाजी यांनी रखमाबाईंवर असा दावा लावला होता. लग्न झालं तेव्हा रखमाबाई अकरा वर्षांच्या होत्या आणि त्या घरी नांदायला गेल्याच नव्हत्या. १८८५ मध्ये निकाल त्यांच्या बाजूनं लागला. तो अपिलात टिकला नाही, आणि १८८७ मध्ये हुकूम झाला की नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. तुरुंग पत्करेन, असं त्या म्हणाल्या. १८८८ मध्ये पैसे देऊन प्रकरण मिटलं. पुढे त्या लंडनला शिकून डॉक्टर झाल्या. हुकमानं नांदता येत नाही, हे त्यांनी तेव्हाच सांगून ठेवलं.

याच 'नांदणे'पासून आपल्या भाषेनं 'नांदवणे' हा शब्दही केला आहे. त्याचा कर्ता सासर आहे. 'सामावून घेणे'चाही कर्ता घरच आहे. नव्या माणसासाठी घरानं काय केलं, हे विचारणारे शब्द आपल्याकडे आहेत. आपण ते काढत नाही, एवढंच.

समाजकार्याच्या अभ्यासात मी 'समायोजन' हा शब्द शिकले. 'पत्नीचे सासरी समायोजन नाही' अशी वाक्यं मी स्वतः फायलींत लिहिली आहेत. आता लिहीत नाही. त्याऐवजी तीन प्रश्न विचारते. नेमकं कशाशी जुळवून घ्यायचं? समोरचे किती सरकले? आणि तिनं नाही घेतलं तर काय होईल? तिसऱ्याचं उत्तर 'मारतील' किंवा 'हाकलतील' असेल, तर तो समायोजनाचा प्रश्न नाही, ती हिंसा आहे. तिच्यासाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा आहे. मारच नव्हे, तर मानसिक छळ आणि पैशाची कोंडीही त्यात हिंसाच मानली आहे. राहत्या घरात राहण्याचा हक्कही तो देतो.

ती आई तिसऱ्या खेपेला आली तेव्हा आम्ही अर्ज लिहायला बसलो. मी विचारलं, "सुरुवात काय करू?" धाकटीच्या लग्नाची काळजी तिला होतीच. थोडा वेळ गप्प राहून ती म्हणाली, "लिहा ताई, माझ्या मुलीला त्यांनी नांदवलं नाही."

तेच पहिलं वाक्य लिहिलं. मैत्रिणींनो, तुमच्या घरात, तुमच्या वस्तीत सुनेसाठी कोणते शब्द वापरतात? त्यांचा कर्ता कोण, तेवढं तपासून पाहा आणि आम्हांला कळवा.