दोन मोटारी आणि एक पाट

वाचकहो, या पानावर मी वर्षभर भाजीपाला, भाडेकरू आणि भाचे मंडळी यांच्याविषयी लिहीत असतो. मोटारींविषयी लिहिण्याचा मला अधिकार नाही. माझी मोटारविषयक कारकीर्द म्हणजे १९९१ साली घेतलेली एक जुनी प्रीमियर पद्मिनी. कुर्ल्याच्या कारखान्यातून ती बाहेर पडली तेव्हा नवी असेल. माझ्याकडे आली तेव्हा तिला दमा होता. तरीही यंदाच्या दिवाळी अंकात मोटारच लिहिणे भाग आहे. त्या पद्मिनीनंतर आमच्या घरात इतकी भांडणे दुसऱ्या कशावरून झाली नाहीत.

सुरुवात ९ जून २०२५ या दिवशी झाली. त्या सकाळी मुंब्रा स्थानकाजवळ दोन गाड्या एकमेकींजवळून गेल्या आणि दारात लटकलेली माणसे रुळांवर पडली. काही घरी परतलीच नाहीत. आमचे चिरंजीव कोपरीहून पवईला जातात, म्हणजे ठाण्याला गाडी पकडून कांजूरमार्गला उतरायचे. मुंब्र्याशी त्यांचा काडीचा संबंध नाही. पण माझ्या आईने, तिला शहाऐंशीवे चालू होते, दूरदर्शनवर ती बातमी पाहिली आणि नातवाचा फोन लागेपर्यंत पाण्याचा घोट घेतला नाही. फोन सव्वा तासाने लागला. संध्याकाळी तिने मला बोलावून सांगितले, "त्याला मोटार घेऊ दे. तू मध्ये बोलू नकोस."

मोटार म्हणजे एखादी लहानशी, असे मला वाटले होते. चिरंजिवांनी दोन छायाचित्रे पुढे केली. दोन्ही पाच-पाच वर्षे वापरलेल्या, दोन्ही डिझेलच्या, दोन्ही चारही चाकांनी ओढणाऱ्या. एक टोयोटाची फॉर्च्युनर, दुसरी लँड रोव्हरची डिस्कव्हरी स्पोर्ट. नव्या असताना लँड रोव्हर दुसरीच्या दीडपटीहून महाग. पाच वर्षांनी दोघींच्या किमतीत दोन-तीन लाखांचाच फरक उरला होता. "बघा बाबा, केवढी स्वस्तात मिळतेय," चिरंजीव म्हणाले. स्वस्त हा शब्द त्यांनी ज्या रकमेपुढे वापरला ती माझ्या निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या साऱ्या रकमेहून मोठी होती. मी नको तिथे विनोद केला. म्हणालो, "पवईला हिमालय कधी आणला?"

चिरंजीव हसले नाहीत. "तुम्हाला लिहायला गंमत मिळते, बाबा. मी वीस वर्षं दारात उभा आहे." एवढे बोलून ते आत गेले. आठवडाभर आमच्यात 'जेवायला चला' याखेरीज संभाषण नव्हते.

मिटवामिटवी केली ती तळमजल्यावरच्या मोटारमनसाहेबांनी. मध्य रेल्वेतून निवृत्त झालेले हे गृहस्थ चाकांवर चालणाऱ्या कोणत्याही वस्तूचे वैद्य आहेत. ते म्हणाले, "आधी वस्तू समजून घ्या, मग भांडा." चार संध्याकाळी बसून त्यांनी आम्हा बापलेकांना जे सांगितले ते इथे देतो, कारण आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी हा प्रश्न आज ना उद्या येणार आहे.

फॉर्च्युनर कर्नाटकात बिडदीला तयार होते. तिची बांधणी बैलगाडीसारखी: खाली पोलादी शिडीसारखा सांगाडा आणि त्यावर बसवलेली पेटी. दणकट, पण खड्ड्यात आतल्या माणसाला घुसळते. रोजच्या रस्त्यावर तिची मागची दोनच चाके ओढतात. चिखल आला की खटका फिरवून पुढची जोडायची. कोरड्या डांबरी रस्त्यावर जोडलेली ठेवली तर वळणावर चाके एकमेकांशी भांडतात आणि दातेरी चक्रांवर ताण येतो. लँड रोव्हरचा वंश १९४८ सालचा. ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनात पहिली गाडी मांडली होती. २००८ साली टाटांनी ही कंपनी जॅग्वारसकट फोर्डकडून घेतली आणि २०११ पासून पुण्यात तिच्या गाड्यांची जुळणी सुरू झाली. डिस्कव्हरी स्पोर्टला खाली वेगळा सांगाडा नाही, सारे अंग एकसंध डब्यासारखे. म्हणून ती पाण्यावरून गेल्यासारखी जाते. रस्ता कसा आहे ते तिला कळ दाबून सांगता येते: गवत-बर्फ, चिखल, वाळू. कोपरीत बर्फाची कळ कधी दाबायची असा प्रश्न माझ्या ओठांवर आला होता. मी तो गिळला.

"आता मुख्य गोष्ट," मोटारमनसाहेब म्हणाले. १ एप्रिल २०२० पासून नव्या डिझेल मोटारींना प्रदूषणाचे कडक नियम लागू आहेत, आणि ते पाळण्यासाठी धुराच्या नळीत काजळी धरणारी एक गाळणी असते. ती भरली की मोटार स्वतःच काजळी जाळते. पण त्यासाठी धूर चांगला तापावा लागतो, आणि तो लांबच्या, सलग धावेतच तापतो. कोपरीहून भाजी आणायला नौपाड्यात जायचे आणि परत यायचे, एवढ्याने काजळी नुसती साठते. मग दिवा लागतो, मग गॅरेज, मग बिल. शिवाय डिझेल मोटारींवर मुंबई परिसरात पुढेमागे बंधने यावीत का, याचा अभ्यास करायला राज्य सरकारने २०२५ च्या जानेवारीत समितीही नेमली होती. हे ऐकून मला वाटले, झाले, विषय संपला. पण चिरंजिवांचे डोळे छायाचित्रावरून हलत नव्हते. वीस वर्षे दारात उभा राहिलेला माणूस गाळणीला काय भिणार?

पुढचा अंक आमच्या सौभाग्यवतींचा. एका रविवारी सकाळी त्या रांगोळीचा डबा आणि शिवणाची टेप घेऊन सोसायटीच्या अंगणात उतरल्या आणि चिरंजिवांकडून मापे विचारून फॉर्च्युनर जमिनीवर काढली. पंधरा फूट नऊ इंच लांब, सहा फूट एक इंच रुंद. लँड रोव्हर लांबीला आठ इंचांनी आखूड, पण रुंदीला दोनेक इंच जास्त. आमच्या वाट्याची जागा दोन खांबांमध्ये आठ फुटांची. मोटार मधोमध उभी केली तर दोन्ही बाजूंना फूटभरही उरत नाही. म्हणजे आत गेलेल्या माणसाने बाहेर यायचे कसे? त्या रांगोळीच्या चौकटीत शेजाऱ्यांच्या तीन स्कूटरी, तुळशीची एक कुंडी आणि झोपलेले एक मांजर आले. आई काठी टेकत खाली आली, चौकटीत मधोमध उभी राहिली, चारी बाजूंना पाहिले आणि म्हणाली, "चाळीतली आपली खोली एवढीच होती रे. सहा जण होतो आपण." मी मनात गुणाकार केला. शहाण्णव चौरस फूट. खोली शंभराची होती.

त्यावर कुणीच काही बोलले नाही. चिरंजिवांनी आजीचा हात धरून तिला वर नेले. मला वाटते, त्या दिवशी ते मागे फिरले असते. आईनेच फिरू दिले नाही. "बघून तर येऊ," ती म्हणाली, "मलाही बसून बघायचंय."

जुन्या मोटारी विकणाऱ्या एका दुकानात आम्ही पाचही जण गेलो. दुकानाचे नाव सांगत नाही. आधी लँड रोव्हर. बैठक जरा खाली असल्याने आई तीत सहज बसली आणि तिने काचेतून जगाकडे असे काही पाहिले की सौदा तिथेच ठरला. चिरंजिवांचा चेहरा लग्नातल्यासारखा झाला होता. विक्रेता म्हणाला, "ही साठ सेंटिमीटर पाण्यातून जाते, साहेब." ते खरेच आहे, कंपनीच तसे सांगते. मोटारमनसाहेबांनी मात्र मागच्या आसनाचा पट्टा हाताने ओढायला सुरुवात केली. ओढत राहिले, शेवटचे टोक येईपर्यंत. शेवटच्या हातभर पट्ट्यावर वाळलेल्या गाळाची पिवळसर रेघ होती. मग त्यांनी पायाखालचे जाजम उचलून हुंगले आणि मलाही हुंगायला लावले. पावसाळ्यात कपाटात राहिलेल्या गोधडीचा वास.

आधीच्या मालकाने साठ सेंटिमीटरवर विश्वास ठेवला असावा. पुराचे पाणी मोजपट्टी घेऊन येत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा आमची पद्मिनीही अशीच छपरापर्यंत बुडाली होती. नंतर तिला कुणी फुकट नेईना. आजच्या मोटारीत तर पायाखाली विजेच्या तारांचे जाळे असते. पाणी लागलेली तार सहा महिन्यांनी दगा देते, आणि तोवर मोटार नव्या मालकाच्या दारात उभी असते. जुनी मोटार घेणाऱ्याने रंग पाहू नये, पट्टा ओढावा. माझे ऐका.

दुसरी लँड रोव्हर शोधू, असे मीच म्हणालो, याचे मला अजून नवल वाटते. चिरंजीव म्हणाले, "नको बाबा." त्यांनी हिशेब केला होता. दीडपटीहून महाग मोटार पाच वर्षांत दुसरीच्या बरोबरीला येते, ती पुढच्या पाच वर्षांत कुठे जाईल? किंमत घसरली म्हणून सुटे भाग स्वस्त होत नाहीत. ते नव्या मोटारीच्याच दराने घ्यावे लागतात. फॉर्च्युनर कोकणातल्या तालुक्याच्या गावीही कुणीतरी दुरुस्त करतो. आणि विकायची वेळ आली तर गिऱ्हाईक दारात येते. मुलाने इतका रोकडा विचार करावा आणि बापाने छानछोकीची बाजू घ्यावी, असा उलटा प्रकार त्या दुकानात झाला.

फॉर्च्युनरचे पट्टे कोरडे निघाले. कागद मोटारमनसाहेबांनी तपासले: बँकेचे कर्ज फिटल्याचे पत्र, विम्याचे दावे, फॉर्म २९ आणि ३०. नोंदणी ठाण्याचीच असल्याने दुसऱ्या राज्याचा कर आणि ना-हरकतीची यातायात वाचली. राहिली आई. मोटारीला पायरी असूनही तिचा गुडघा तिथवर उचलेना. दोनदा प्रयत्न केला, तिसऱ्यांदा ती म्हणाली, "तुम्ही जा हिंडायला. मी घरीच बरी." चिरंजीव किल्ली परत द्यायला निघाले.

मोटारमनसाहेबांनी टेपने जमिनीपासून पायरीपर्यंतचे अंतर मोजले आणि सौभाग्यवतींकडे पाहून विचारले, "वहिनी, लग्नातला पाट आहे का हो अजून?"

मोटार आली. आमच्या वाट्याच्या जागेत ती मावते, पण चालवणारा आधी सगळ्यांना उतरवतो आणि मग स्वतः आडवा होऊन बाहेर सरकतो. रखवालदार आता आम्हाला सलाम करतो. पांढऱ्या फॉर्च्युनरमधून ठाण्यात कोण फिरते हे त्याला ठाऊक आहे. कोपरीचा पूल २०२३ मध्ये रुंद झाला, आनंदनगरच्या नाक्यावरचा टोल हलक्या मोटारींना १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून माफ झाला, तरी विक्रोळीच्या जोडरस्त्यावर जे व्हायचे ते होतेच. शहरात ती लिटरला नऊ-दहा किलोमीटर देते. पहिले पंधरा दिवस चिरंजीव रोज मोटारीने गेले आणि रोज लोकलपेक्षा उशिरा घरी आले. आता आठवड्यातून दोनदा मोटार, बाकी दिवस सकाळी पावणेआठची गाडी. त्या वेळी गर्दी जरा कमी असते. पोहोचले की आजीला फोन करतात.

राहिली ती काजळीची गाळणी. तिच्यासाठी दर रविवारी मोटार लांब, एका वेगाने पळवावी लागते. म्हणून दर रविवारी सकाळी सहाला आई नऊवारी नेसून, केसांत फूल खोचून अंगणात तयार असते. नाशिकच्या रस्त्याने शहापूरपर्यंत जायचे, चहा प्यायचा आणि परत यायचे. पाट मागच्या डिकीत असतो. तिथे उतरताना तो आधी खाली ठेवायचा काम माझे. मागच्या रविवारी मी तो घरीच विसरलो, तेव्हा आई शहापूरला मोटारीतच बसून राहिली, काच खाली करून बशीतून चहा प्यायली आणि परतीच्या वाटेवर मला म्हणाली, "एक काम दिलंय तुला."