अख्खा सामना पाहा, मग बोला

पुढच्या वेळी कुणी तुम्हाला बास्केटबॉलमधल्या पेसर्स संघाचा टायरीस हॅलिबर्टन ओव्हररेटेड आहे असं सांगितलं, तर वाद घालत बसू नका. एवढंच विचारा, बाबा रे, त्याचा अख्खा सामना शेवटचा कधी पाहिलास? समोरचा बहुधा विषय बदलेल.

त्याचा तरी काय दोष म्हणा. एनबीएचे सामने आपल्याकडे उजाडताना सुरू होतात. डबे, शाळेची बस आणि लोकल यांच्या घाईत कोण टीव्हीसमोर बसतो? दुपारी जेवताना मोबाइलवर चाळीस सेकंदांचं रील दिसतं, त्याखाली कुणी किती गुण केले याचा तक्ता, आणि त्याहून खाली सूट घालून ओरडणाऱ्या दोन तज्ज्ञांचं भांडण. एवढ्यावर आपलं मत तयार होतं आणि संध्याकाळी तेच आपण दुसऱ्याला ऐकवतो.

हॅलिबर्टनच्या कपाळी तो शिक्का कसा बसला, ते ऐका. एप्रिल 2025 मध्ये ‘द अ‍ॅथलेटिक’नं एनबीएच्या खेळाडूंना, नावं गुप्त ठेवून, विचारलं की सगळ्यांत ओव्हररेटेड कोण? या प्रश्नाला 90 जणांनी उत्तर दिलं आणि हॅलिबर्टनला मतं पडली 14.4 टक्के. म्हणजे तेरा. बाकीची मतं इतर नावांत विखुरली, म्हणून तेरावाला पहिला आला. बातम्यांत मात्र झालं, ‘खेळाडूंनीच ठरवलं!’ तुमच्या सोसायटीच्या सभेत नव्वदांतल्या तेरांनी हात वर केले, तर सेक्रेटरी ठराव मंजूर झाल्याचं लिहील का?

नंतरच्या दोन महिन्यांत प्लेऑफमध्ये जे झालं ते रीलवाल्यांनीही पाहिलंय. मिलवॉकीविरुद्ध जादा वेळेत 1.3 सेकंद उरलेले असताना त्याची बास्केट, सामना एका गुणानं खिशात. क्लीव्हलँडला त्याचा दुसरा फ्री थ्रो हुकला, तर स्वतःच धावून चेंडू मिळवला, मागे सरकून तीन गुणांचा फटका मारला. उरले 1.1 सेकंद. न्यूयॉर्कमध्ये शेवटच्या क्षणाला मारलेला चेंडू रिंगच्या मागच्या कडेला आपटून सरळ वर उडाला आणि वरून अलगद जाळीत पडला. जिंकलोच असं समजून गड्यानं स्वतःच्या गळ्याला हात लावला. 1994 मध्ये याच मैदानावर पेसर्सच्या रेजी मिलरनं केलेली ती खूण, आणि मिलर त्या रात्री समालोचनाला हजर! मग पंचांनी पाहिलं तर बुटाचं टोक रेषेवर. तीनचे दोन झाले, सामना बरोबरीत. जादा वेळेत पेसर्सनी तो 138-135 असा जिंकला. अंतिम फेरीचा पहिला सामना ओक्लाहोमा सिटीत. शेवटच्या क्षणापर्यंत पेसर्स एकदाही पुढे नव्हते. 0.3 सेकंद उरलेले असताना हॅलिबर्टनच्या फटक्यानं ते पुढे गेले, 111-110.

पण हे चार फटके मी त्याची बाजू मांडायला वापरणार नाही. तीही शेवटी रीलच. त्याचं खरं काम त्याआधीच्या कंटाळवाण्या वाटणाऱ्या मिनिटांत असतं. 2024-25 च्या हंगामात त्याची सामन्यामागची सरासरी होती 18.6 गुण, 9.2 असिस्ट आणि 1.6 टर्नओव्हर. आपली नजर पहिल्या आकड्यावर थांबते. शेवटचे दोन एकत्र वाचा. सामन्यात नऊ वेळा याच्या पासवर दुसऱ्यानं बास्केट केली, आणि चेंडू याच्या हातून दोनदाही गेला नाही. सतत चेंडू हाताळणाऱ्या माणसाचा हा हिशेब आहे. त्यातही ज्या पासमुळे पुढचा पास शक्य झाला, तो तक्त्यात धरतच नाहीत. याच्या पासवर सहकाऱ्याला फाऊल झाला आणि त्यानं फ्री थ्रोवर गुण केले, तर तेही असिस्टमध्ये नाहीत. पंगतीत कुणी किती लाडू खाल्ले ते लोक मोजतात, वाढप्याच्या फेऱ्या कोण मोजतो!

त्यात त्याचा खेळ दिसायलाही देखणा नाही, हे कबूल. फटका मारताना चेंडू छातीजवळून ढकलल्यासारखा वाटतो. पास द्यायला हवेत उडी घेतो, जे करू नको म्हणून आपल्याकडचे कोच पोरांच्या कानीकपाळी ओरडतात. शिवाय संघ इंडियानापोलिसचा. लॉस एंजेलिस आणि न्यूयॉर्कवर कॅमेरे असतात तेवढे तिथे नसतात. त्यात हा स्वतःवर हसणारा माणूस. पॅरिस ऑलिंपिकमध्ये फारसा खेळला नाही, सुवर्णपदक मिळालं, तर गटाच्या प्रोजेक्टमध्ये काहीच न करता पहिला वर्ग मिळाल्याची थट्टा त्यानंच केली. अशा माणसाला लोक हलक्यात घेतात.

टीका करूच नका, असं मी म्हणत नाही. काही संध्याकाळी तो फटकाच मारत नाही, आणि तेव्हा माझंही डोकं फिरतं. अंतिम फेरीच्या पाचव्या सामन्यात सहा प्रयत्न, एकही आत नाही, एकूण गुण चार. पोटरी दुखावलेली होती हे खरं, पण तो दिवस वाईटच होता. तेवढं जरूर म्हणा. ‘आज वाईट खेळला’ वेगळं आणि ‘त्याच्यात काही दमच नाही’ वेगळं. दुसरं वाक्य तोंडातून काढण्याआधी जरा थांबा.

आपला पेसर्सशी तसा थोडा संबंधही आहे. ऑक्टोबर 2019 मध्ये एनबीएचे भारतातले पहिले सामने मुंबईत वरळीला झाले ते पेसर्स आणि सॅक्रामेंटो किंग्जमध्येच. हॅलिबर्टन तेव्हा कॉलेजात होता. पुढच्या वर्षी किंग्जनं त्याला बाराव्या क्रमांकावर निवडलं आणि फेब्रुवारी 2022 मध्ये पेसर्सकडे धाडलं. बदल्यात सबोनिस नावाचा जो खेळाडू घेतला, तो वरळीत पेसर्सकडून खेळून गेला होता.

तर एक करा. एखाद्या रविवारी त्याच्या जुन्या सामन्याचा एकच क्वार्टर लावा. बारा मिनिटांचा खेळ, जाहिराती वगळता फार तर अर्धा तास. त्याच्या हातून चेंडू सुटला की चेंडूमागे जाऊ नका, त्याच्याकडे पाहत राहा. तो कुठे धावतो, कुणाला हातानं खूण करतो, त्याच्यामागे प्रतिस्पर्ध्यांचे किती जण ओढले जातात. वहीत टिपा हवं तर. मुलं सोबत असतील तर त्यांना मोजायला लावा.

आणि जमलं तर अंतिम फेरीचा सातवा सामनाही पाहा. आपल्याकडे तेव्हा 23 जूनची पहाट होती, साडेपाच वाजलेले. दुखऱ्या पोटरीनिशी तो उतरला, सात मिनिटांत तीन गुणांचे तीन फटके मारले, आणि पुढे झेपावताना उजवा पाय खालून गेला. टाचेची नस तुटली होती. जमिनीवर पालथा पडून तो तळहातांनी कोर्ट बडवत होता. त्याच्याविना संघ मध्यंतराला एका गुणानं पुढे होता, मग हरला, 103-91. सामना संपल्यावर सहकारी ड्रेसिंग रूमकडे परतले, तेव्हा तो कुबड्यांवर वाटेत उभा होता, एकेकाला भेटायला.