‘निष्क्रिय’ म्हणू नका!

अळवाच्या पानावर पाणी ठरत नाही, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. पानावरच्या मेणाचे वजन ते किती! पण पान भिजेल की नाही, हे तो नगण्य थरच ठरवतो. औषधाच्या गोळीचेही बरेचसे असेच आहे.

विद्यार्थी मित्रांनो, गोळीत औषध थोडे व इतर द्रव्ये फार, असे पुष्कळदा असते. थायरॉइडच्या विकारावरील गोळीत औषध असते अवघे ५० किंवा १०० मायक्रोग्रॅम. बाकी भरणा दुग्धशर्करा, स्टार्च, सेल्युलोज अशा द्रव्यांचा. यांना ‘निष्क्रिय घटक’ म्हणण्याची पद्धत आहे. माझ्या मते हे नाव टाकून द्यावे व ‘साहाय्यक घटक’ म्हणावे.

मॅग्नेशियम स्टिअरेटचेच पाहा. गोळी साच्याला चिकटू नये म्हणून हे वंगण शेकडा एक भाग किंवा त्याहूनही कमी घालतात. ते मेदाम्लापासून बनलेले, त्यामुळे पाण्याशी फटकून वागणारे. मिश्रण वाजवीपेक्षा जास्त वेळ घोळले तर त्याचे पापुद्रे कणाकणावर पसरतात आणि गोळी सावकाश विरघळू लागते. औषध तेवढेच, वंगणही तेवढेच. बदलली ती जागा. गोळी कुटून केलेल्या रासायनिक पृथक्करणात ही जागा कळणार कशी? कुटतानाच ती पुसली जाते.

येथे भौतिकी मदतीला येते. गोळीवर क्ष-किरण सोडले की अणूंतून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात व त्यांच्या ऊर्जेवरून मूलद्रव्य ओळखता येते. खोलवरचे इलेक्ट्रॉन वाटेतच ऊर्जा गमावतात. म्हणून खबर मिळते ती वरच्या सुमारे १० नॅनोमीटर थराची. दुग्धशर्करेत मॅग्नेशियम नसते, तेव्हा मॅग्नेशियमचा संकेत म्हणजे वंगणाचा पत्ता! या पद्धतीचे जनक काई सीगबान हे १९८१ च्या भौतिकीच्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी. पुण्यात पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत असे उपकरण आहे.

उपकरण महाग, शिवाय त्याला अतिउच्च निर्वात लागतो. प्रत्येक कारखान्याने ते घ्यावे, असे मी म्हणणार नाही. पण साहाय्यक द्रव्याच्या प्रत्येक पिंपाची ओळख पटवून घ्यावी, हा आग्रह अवास्तव नाही. १९६८ साली ऑस्ट्रेलियात अपस्मारावरील फेनिटॉइनच्या कॅप्सूलमध्ये कॅल्शियम सल्फेटऐवजी दुग्धशर्करा भरली, तर तीच मात्रा रुग्णांना विषासारखी बाधली. दुग्धशर्करा शुद्धच होती.

अशुद्ध द्रव्याची कथा तर आपल्या घरचीच. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डायएथिलीन ग्लायकोल मिसळलेल्या ग्लिसरीनने १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने त्याची चौकशी केली. तेथे ग्लिसरीन औषध म्हणूनच दिले होते. पण २०२५ साली मध्य प्रदेशातील छिंदवाड्याची बालके खोकल्याच्या औषधाने दगावली, तेव्हाही सापडले तेच डायएथिलीन ग्लायकोल. त्यांतील काहींना उपचारासाठी नागपूरला आणले होते. हे विष हुडकण्याची पातळ थरावरील वर्णलेखनाची प्राथमिक चाचणी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतही करता येण्याइतकी साधी आहे.