गुलाबाचा जोड: मातीवर की मातीखाली?

पावसाचा जोर ओसरला, की आमच्या पूर्णगडात रोपवाल्याचा टेम्पो फिरू लागतो. जास्वंद, मोगरा, अबोली यांच्या गर्दीत काळ्या पिशव्यांतली गुलाबाची कलमे उभी असतात. प्रत्येकावर एखादे टपोरे फूल असतेच, आणि ते पाहूनच आपण पैसे मोजतो. कलम घरी येते, खड्डा खणला जातो, आणि मग घरोघर एकच प्रश्न निघतो: किती खोल लावायचे? आमच्या वर्गातल्या मुलांच्या आयांनीही तो आम्हांला विचारला आहे. या महिन्याचे पान त्याच प्रश्नासाठी. उत्तर मात्र आम्ही एक झाड गमावून शिकलो, हे आधीच कबूल करतो.

अम्मीचे गुडघे धरल्यापासून तिचा बराचसा दिवस खिडकीजवळच्या खाटेवर जातो. एक दिवस ती म्हणाली, "या खिडकीतून दिसेल असा लाल गुलाब लावा." आम्ही त्याच आठवड्यात कलम आणले. जून नुकताच लागला होता. आमची भाची कॅनडात असते. तिला फोनवर हौसेने सांगितले, तर ती म्हणाली, "जोड चांगला चार बोटे मातीत पुरा हां! मी वर ठेवला होता, माझे झाड हिवाळ्यात मेले." खाटेवरून अम्मी म्हणाली, "अब्बांनी आंब्याच्या कलमाचा जोड कधी पुरला होता का?" आम्ही तिचे ऐकले नाही. भाची बाग करते, वाचते, तिला जास्त ठाऊक, असे वाटले.

जुलै-ऑगस्ट झोडपून गेले. सप्टेंबरात पाहतो तर बुंध्यातून हिरवीगार, काटेरी, हातभर लांब फूट वर आलेली. आम्ही खूश! खत घातले, काठीचा आधार दिला. अम्मी रोज विचारी, "कळी आली का?" कळी आलीच नाही. मूळ फांद्या मात्र एकेक करून काळ्या पडल्या. शेवटी माती उकरली, तेव्हा जोडाची साल बोटाने दाबली तरी निघत होती. लाल गुलाब केव्हाच संपला होता. आम्ही वाढवत होतो तो खालचा जंगली खुंट.

इथे थोडे थांबून कलम म्हणजे काय ते पाहू. उर्दूत कलम म्हणजे लेखणी आणि लावायची फांदीही. मराठीत आंब्याचेही कलम आणि कायद्याचेही कलम. उर्दूतला दुसरा शब्द आहे पैवंद. त्याचा एक अर्थ ठिगळ, दुसरा कलम. हा शब्द आम्हांला फार नेमका वाटतो, कारण आपण विकत आणतो तो गुलाब एक झाड नसतोच, दोन झाडांचा जोड असतो. खाली काटक मुळांचा जंगली किंवा गावठी गुलाब, त्याला खुंट म्हणतात. त्याच्या सालीत चीर देऊन हव्या त्या जातीचा डोळा बसवतात आणि पट्टीने बांधतात. डोळा फुटला, की खुंटाचा वरचा भाग छाटून टाकतात. जिथे डोळा बसला तिथे बोटाच्या पेरासारखी गाठ दिसते. तोच जोड. कलम किती खोल लावायचे, याचा खरा अर्थ हा जोड कुठे ठेवायचा, एवढाच.

मग भाची चुकली का? नाही. तिच्या गावी हिवाळ्यात पारा शून्याखाली वीस-पंचवीस अंश जातो, जमीन गोठते. उघड्यावर राहिलेला वरचा भाग त्यात मरतो. जोडही उघडा असेल तर वसंतात फक्त खालचा जंगली खुंट फुटतो. जोड चार इंच मातीखाली असेल तर माती गोधडीचे काम करते. वरच्या काड्या गेल्या तरी जोडावरचे डोळे जिवंत राहतात आणि तोच लाल गुलाब पुन्हा वर येतो. शिवाय पुरलेल्या भागाला स्वतःची मुळे फुटतात, तोही एक विमाच. इंग्लंडात थंडी सौम्य, म्हणून तिथे जोड मातीला टेकेल इतका किंवा जेमतेम इंचभर खाली ठेवतात.

आपल्या देशात बहुतेक ठिकाणी या गोधडीची गरज नाही. चंदीगडला १९६७ साली उभे राहिलेले मोठे गुलाब उद्यान आहे, राष्ट्रपती डॉ. झाकिर हुसेन यांच्या नावाचे. गुलाबांचे ते मोठे शौकीन होते. त्या उत्तरेच्या मैदानात कधी दहिवर गोठते, पण जमीन गोठत नाही, म्हणून जोड मातीच्या वरच ठेवला जातो. घाटावर काळी माती पाणी धरून ठेवते, म्हणून तिथेही जोड इंच-दोन इंच वर.

आणि आपल्याकडे? रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. जांभ्याच्या कातळात कोरलेला खड्डा म्हणजे त्या दिवसांत पाण्याची टाकीच. पुरलेला जोड आठवडेच्या आठवडे ओला राहतो, बुरशी धरते, साल कुजते. पाऊस गेला की वाळवी येते. थंडीने मारावे अशी थंडी आपल्याकडे पडतच नाही. जोड कशाने मरतो ते आधी पाहायचे, मग माप ठरवायचे. तिथे थंडी मारते, म्हणून पुरायचा. इथे ओल मारते, म्हणून उघडा ठेवायचा.

आता लावण्याची रीत. शक्यतो सप्टेंबर अखेर किंवा ऑक्टोबरात लावा. दीड-दोन फुटांचा खड्डा खणा. निम्मी चांगली माती आणि निम्मे पूर्ण कुजलेले शेणखत मिसळून भरा, आणि जमिनीवर वीतभर उंचवटा करा. भोवती चार चिरे लावले की माती वाहून जात नाही, पण चिऱ्यांच्या मधून पाणी निघायला फट ठेवा. पिशवी फाडताना मुळांभोवतीची माती फुटू देऊ नका. जोड मातीच्या तीन बोटे वर राहील असे कलम बसवा. भुसभुशीत माती बसते, तिच्याबरोबर झाडही खाली जाते, म्हणून तीनची दोन बोटे होतात. ती आपली खरी खोली. जोडावर प्लास्टिकची पट्टी राहिली असेल तर ब्लेडने अलगद कापा, नाहीतर खोड जाड होताना तीच गळफास होते. शेणखत आणि पालापाचोळा खोडापासून चार बोटे दूर ठेवा. कुंडीतही हेच माप. समुद्राकडून खारा वारा येत असेल तर घराच्या आडोशाची जागा निवडा, पण ऊन पाहिजेच.

जोडाच्या खालून फूट आली तर ती खुंटाची. काही जण पानांची पाती मोजतात, सात म्हणजे जंगली, पाच म्हणजे चांगली. त्यावर विसंबू नका, चांगल्या जातींनाही सात पाती येतात. फूट कुठून निघाली ते बोटाने चाचपून पाहा. जोडाखालची असेल तर कात्रीने कापू नका, बुडाशी धरून ओढून काढा. कापली तर तिथूनच पुन्हा दोन येतात. जोड वर ठेवण्याचा हा दुसरा फायदा: खालची फूट लपून राहत नाही.

ज्यांनी आधीच खोल लावले आहे, त्यांनी भर पावसात झाड उपटू नये. खोडाभोवतीची माती हाताने बाजूला करून जोड उघडा करावा आणि पाणी निघायला चर काढावा. पाऊस गेल्यावर मातीच्या गोळ्यासह काढून वर बसवावे.

आम्ही ऑक्टोबरात दुसरे कलम आणले. अम्मीला खुर्चीवर बसवून अंगणात नेले. जोडाखाली तिने स्वतःची तीन बोटे धरली आणि म्हणाली, "आता माती ओढा." पहिली कळी डिसेंबरात आली, खिडकीतून दिसते तिथेच.

मग चौकशी करता करता भाचीच्या पहिल्या झाडाची गोष्टही उलगडली. तिने जोड वर ठेवला होता तो आपल्या नानीच्या सांगण्यावरून! आता नोव्हेंबर आला की ती तिच्या गुलाबावर मातीचा ढीग रचते, आणि आम्ही आमच्या गुलाबाभोवती पावसाने आणलेली माती उकरून काढतो. नानी-नातीची फोनवर त्या दिवशी मापांची देवाणघेवाण होते, आणि आता दोघी आधी विचारतात, "तुमच्याकडे हवा कशी आहे?"

पुढच्या अंकात, इन्शाअल्लाह, छाटणीविषयी.