भोंगा पुन्हा वाजेल, पण जुन्या कामगाराचा जुना हिशोब झाला का?

ऊस पट्ट्यात बंद पडलेला कारखाना पुन्हा सुरू होणार असं ठरलं, की आधी काट्याभोवतीची झुडपं निघतात, मग मिल आणि बॉयलरची दुरुस्ती सुरू होते. त्यानंतर जुन्या कामगारांना फोन जायला लागतात. ज्याला तीन-चार वर्षांपूर्वी घरी बसवलं, त्यालाच 'उद्यापासून कामावर या' असा निरोप येतो.

राज्यात गेल्या वीस-पंचवीस वर्षांत कितीतरी सहकारी साखर कारखाने कर्जापायी बंद पडले. काही बँकांनी ताब्यात घेऊन विकले, तर काही भाडेतत्त्वावर चालवायला दिले. त्यामुळे हा प्रश्न एका तालुक्याचा राहिलेला नाही. कारखाना चालू होणं सगळ्यांनाच हवं असतं. ऊस बाहेरच्या कारखान्याला घालताना सभासदाचे हाल होतात आणि कामगाराच्या घरी चार वर्षं पगार नसतो. म्हणून बोलावणं आलं की माणूस जास्त विचारत नाही. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, आणि पुढच्या वीस वर्षांच्या हक्काची सही नेमकी त्याच दिवशी होते.

जुनीच माणसं का लागतात?

कारखान्याला जुना कामगार दयेपोटी आठवत नाही. बॉयलर चालवायला प्रमाणपत्र असलेला माणूस कायद्यानेच लागतो. पॅनवर साखरेचा दाणा कधी धरायचा, हे वर्षानुवर्षं पॅनवर काढलेल्यालाच कळतं. कुठला पंप कधी दगा देतो, हे त्या मशिनरीवर काम केलेल्याला माहीत असतं. शेतकी विभागातल्या माणसाला गावोगावचे ऊस उत्पादक तोंडपाठ असतात. नवी भरती करून हे एका हंगामात जमत नाही. म्हणजे गरज दोन्ही बाजूंना आहे. सही करण्याआधी कामगार आपल्या अटी बोलू शकतो, नंतर त्याला कोणी विचारत नाही.

आधी बघा, बोलावतंय कोण?

गेट तेच, भोंगा तोच, पण मालक तोच असेल असं नाही. संस्था स्वतः कारखाना सुरू करत असेल तर जुनी बाकी आणि नवी नेमणूक एकाच दारात मागता येते. कारखाना भाड्याने गेला असेल तर चालवणारी कंपनी म्हणते, 'जुनं देणं आमचं नाही, संस्थेकडे जा.' संस्था म्हणते, 'भाडं आलं की बघू.' कामगार मधल्यामध्ये अडकतो.

कंपनीचं म्हणणं अगदीच खोटं नसतं. सगळं जुनं देणं डोक्यावर घेतलं तर कारखाना घ्यायला कोणी पुढे येणार नाही. पण व्यवस्थापन दुसऱ्याच्या हाती गेलं तर कामगाराला एकतर अखंड सेवा आणि आधीपेक्षा कमी नसलेल्या अटी मिळाल्या पाहिजेत, नाहीतर कपातीसारखी भरपाई मिळाली पाहिजे, असं कायदा सांगतो. म्हणून भाडेकरारात कामगारांच्या देण्याबद्दल काय लिहिलंय, हे संघटनेने करार वाचूनच सांगायला हवं. तोंडी आश्वासनावर जाऊ नये.

नव्या कायद्यात मुदत आली

कामावरून कमी केलेल्या माणसाला पुन्हा भरतीवेळी इतरांच्या आधी संधी, हा हक्क औद्योगिक विवाद कायदा १९४७ च्या कलम २५-एच मध्ये होता. त्यात वर्षांची मर्यादा नव्हती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता २०२० लागू झाली. तिच्या कलम ७२ मध्ये हा हक्क आहे, पण कपातीपासून एका वर्षाच्या आत भरती निघाली तरच. कारखाना दोन हंगाम बंद राहिला की वर्ष उलटून जातं.

म्हणून आपल्या हातातलं पत्र काढून वाचा. त्यात 'कामगार कपात' लिहिलंय, 'कारखाना बंद' लिहिलंय, की पत्रच मिळालेलं नाही? तिन्हीचे हक्क वेगळे आहेत. कपात असेल तर एक महिन्याची नोटीस किंवा त्याचा पगार आणि सेवेच्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार, ही भरपाई जुन्या कायद्यातही होती आणि नव्यातही आहे. पत्रच नसेल, नुसतं गेट बंद झालं असेल, तर सेवा संपलेली नाही असा दावा करायला जागा राहते. अशा कामगाराने नव्या तारखेच्या नेमणुकीवर सही केली, की तो दावा स्वतःच्या हाताने कमजोर होतो.

एक साधा हिशोब

समजा, एका कायम कामगाराची सेवा २२ वर्षं आणि शेवटचा मूळ पगार व महागाई भत्ता मिळून १८,२०० रुपये होता. ग्रॅच्युइटीसाठी २६ ने भागलं की दिवसाचे ७०० रुपये. वर्षाला १५ दिवस धरून २२ वर्षांचे झाले २,३१,००० रुपये. तोच माणूस हंगामी असेल तर हंगामाला ७ दिवस, म्हणजे १,०७,८०० रुपये. ही रक्कम काम सुटल्यावर ३० दिवसांत द्यायची असते, उशीर झाला तर व्याजासह.

आता परत घेताना पुढे येणाऱ्या कागदावर बऱ्याचदा एक ओळ असते, 'माझी संस्थेकडे कोणतीही बाकी नाही.' ग्रॅच्युइटी मिळालेली नसताना असं लिहून दिलं तरी कायद्याने तो हक्क बुडत नाही. पण तो कागद खोडून काढायला वर्षानुवर्षं हेलपाटे घालावे लागतात. त्यापेक्षा त्या ओळीखाली 'जुने सर्व हक्क राखून' एवढं लिहून सही करावी आणि मोबाईलमध्ये कागदाचा फोटो काढून ठेवावा.

परत जाताना कुठल्या नावाने?

हा सगळ्यात मोठा फरक आहे. पूर्वीचा कायम कामगार बरेचदा ठेकेदाराच्या हजेरीवर किंवा ठराविक मुदतीच्या नेमणुकीवर परत येतो. मुदतीच्या कामगाराला त्याच कामावरच्या कायम कामगाराएवढा पगार आणि सवलती द्याव्या लागतात. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेप्रमाणे त्याला एक वर्षानंतर त्या प्रमाणात ग्रॅच्युइटीही मिळते. हे चांगलं आहे. पण मुदत संपल्यावर घरी पाठवलं तर ती कपात धरत नाहीत, म्हणजे कपातीची भरपाई नाही. ठेकेदाराच्या हजेरीवर असाल आणि त्याने पगार बुडवला, तर मूळ कारखान्याकडे तो मागता येतो. त्यासाठी हजेरी कार्ड आणि पगाराची स्लिप जवळ पाहिजे.

पीएफचा जुना यूएएन क्रमांकच नव्या ठिकाणी द्यावा, नवा काढू नये. जुन्या मालकाने पगारातून कापलेले पैसे भरलेत का, हे उमंग ॲपवर पासबुकात दिसतं. पेन्शनला किमान १० वर्षांची सेवा लागते. काम सुटल्यावर ज्यांनी पेन्शनचे पैसे काढून घेतले, त्यांची आधीची वर्षं गेली. ज्यांनी पैसे काढले नाहीत, त्यांना पुढची वर्षं जोडून घेता येतात. पीएफ थकलेला असेल तर निराश होऊ नये. २००९ साली महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पीएफची थकबाकी बँकेच्या कर्जाआधी येते, गहाण साखरेच्या पोत्यांवरही तिचा पहिला हक्क आहे, असं ठरवलं आहे.

एकट्याने गेलं तर

परत जाण्यात कमीपणा काही नाही. चूल पेटली पाहिजे आणि कारखानाही चालला पाहिजे. पण एकेकटा कामगार ऑफिसात गेला की त्याला 'तुला नको असेल तर बाहेर दुसरे उभे आहेत' एवढंच ऐकावं लागतं. बॉयलर, पॅन, मिल, शेतकी अशा सगळ्या खात्यांतली माणसं एकत्र बसली, तर जुन्या बाकीची यादी आणि हप्ते लेखी ठरवून घेता येतात. त्यात कामगार आयुक्त कार्यालयाला घ्यावं. यादी साधीच आहे: पत्र, सेवेची वर्षं, शेवटचा पगार, पीएफ, ग्रॅच्युइटी, थकलेले पगार.

हे बॉयलर पेटण्याआधी व्हायला हवं. मोळी टाकून गळीत सुरू झालं, की सगळ्यांचं लक्ष उसाकडे जातं आणि कामगाराची फाईल पुढच्या हंगामापर्यंत तशीच पडून राहते.